वरळीचा स्लॅब, बदलापूरचं घर

पहाटे ४:३०

आज एकविसाव्या मजल्याचा स्लॅब आहे, म्हणून चहाचं आधण ठेवण्याआधी फोन बघितला. मुकादमाचा रात्री उशिरा निरोप आला होता: सळई बांधून झाली, कव्हर ब्लॉक लावले, लाईटच्या पाईपांचं थोडं काम राहिलंय, ते सकाळी आठपर्यंत उरकेल. म्हणजे साडेनऊला पहिला मिक्सर बोलवायला हरकत नाही.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. वरळीत जुन्या चाळी पाडून त्या जागी उंच इमारती उभ्या राहतायत, त्यांपैकी एका साईटवर क्वालिटीचं काम बघते. आलेलं सिमेंट, सळई, काँक्रीट ठरल्याप्रमाणे आहे का ते तपासायचं, नसेल तर परत पाठवायचं. राहायला मात्र बदलापूरला. सीएसएमटीपासून रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर.

सासूबाई माझ्याआधीच उठून पोळ्या लाटत होत्या. "स्लॅबच्या दिवशी तू जेवत नाहीस," त्या म्हणाल्या. "डबा हाताशी असला तर चार घास तरी पोटात जातील." त्यांनी स्लॅब कधी जवळून बघितलेला नाही, पण त्या दिवसाचं वेळापत्रक त्यांना माझ्याइतकंच पाठ आहे.

सकाळी ५:४५

बदलापूरहून सुटणारी फास्ट लोकल. सुटणारी म्हणून बसायला मिळतं, एवढ्यासाठी दहा मिनिटं आधी फलाटावर उभं राहायचं. अंबरनाथला चढणाऱ्या बायका आम्हाला पहिला प्रश्न विचारतात तो एकच, "कुठे उतरणार?" ठाण्याला उतरणारी सापडली की तिच्यासमोर उभं राहायचं आणि ठाण्यानंतर ती जागा आपली. दादरवाल्यांकडे कोणी फिरकत नाही.

आमच्या घराची कथा या डब्यातल्या कितीतरी जणींच्या घरची आहे. सासरे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. गिरणी नंतर कधी नीट चाललीच नाही. लोअर परळला पागडीची एक खोली होती. नव्वदच्या दशकात ती सोडून त्या पैशांत इथे वन रूम किचन घेतलं. स्वतःचं न्हाणीघर, स्वतःचा संडास, खिडकीबाहेर डोंगर. सासूबाई आजही तो निर्णय योग्यच होता असं म्हणतात, आणि घरापुरतं मलाही ते पटतं. प्रश्न घराचा नाहीच. घर इथे आलं, काम तिकडेच राहिलं, आणि मधल्या अंतराची जबाबदारी कोणीच उचलली नाही.

बदलापुरात २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत माणसं होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती मोजायला स्टेशनबाहेर नजर टाकली तरी पुरे. एवढी माणसं आली, आणि कल्याण ते बदलापूर रूळ मात्र दोनच. त्याच दोन रुळांवरून आमच्या लोकल जातात आणि पुण्याकडच्या एक्स्प्रेसही. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे, खिडकीतून भराव दिसतो, पुलांचे खांब दिसतात. पण इमारतीला परवानगी देणारं कार्यालय वेगळं आणि रूळ टाकणारं वेगळं. हजार घरांचा नकाशा मंजूर करताना त्यातली किती माणसं सकाळी सहा ते नऊच्या मध्ये फलाटावर येणार, हे कोणी लिहून मागत नाही. आम्ही साधी पाण्याची टाकी बांधतो तरी माणशी किती लिटर लागेल ते आधी काढतो.

मुंबईच्या लोकलमधून रोज पंचाहत्तर लाखांच्या आसपास प्रवास होतात. गर्दीच्या वेळी उभ्या प्रवाशांना जी जागा उरते, तिच्यात एका चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं असतात. ही गर्दी मोजायला रेल्वेला वेगळी संज्ञा तयार करावी लागली. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली, काही जण गेले. आमच्या गाडीने आज तेच वळण घेतलं तेव्हा डब्यात कोणी बोललं नाही. दाराशी उभ्या मुलींना आतून दोघी-तिघींनी दप्तराच्या पट्ट्याला धरून आत ओढलं. त्या अपघातापासून हे रोज होतं, कोणी शिकवलेलं नाही.

सकाळी ७:२०

दादरला उतरून स्लो गाडीने एक स्टेशन पुढे, परळ. तिथून पादचारी पुलावरून पलीकडे प्रभादेवीला.

या जागेवरून मी कधीच नुसती चालत जाऊ शकत नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी जोराचा पाऊस होता, लोक अरुंद जिन्यात आडोशाला थांबले, खालून येणारे येतच राहिले. चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. तेव्हा हे एल्फिन्स्टन रोड होतं. तो जिना गिरण्यांच्या काळातल्या गर्दीसाठी होता. गिरण्यांच्या जागी काचेची ऑफिसं आली, कॉल सेंटर आली, मॉल आले, माणसं कितीतरी पटींनी वाढली आणि जिना तेवढाच राहिला. दुर्घटनेनंतर लष्कराने इथे पादचारी पूल उभारला आणि २०१८ च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. म्हणजे ठरवलं तर पाच महिन्यांत पूल होतो. त्याआधी तो का झाला नाही, याचं उत्तर त्या २३ घरांना अजूनही द्यायचं आहे.

आता शेजारचा गाड्यांचा जुना पूलही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तो पाडण्यासाठी बंद केला. त्या जागी दुमजली पूल येणार आहे, वरच्या मजल्यावरून शिवडी ते वरळीचा साडेचार किलोमीटरचा जोडरस्ता जाईल आणि अटल सेतूवरून आलेली गाडी थेट सागरी किनारा रस्त्याकडे निघेल. काम आवश्यक आहे, मी त्याच्या विरोधात नाही. फक्त तोपर्यंत परळची पूर्व आणि पश्चिम जोडणारी वाहनं टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर गोळा होतात, आणि माझी बस त्या गोळ्यात असते.

थांब्यावर आज वीस मिनिटं. बेस्टची पहिली बस १५ जुलै १९२६ ला धावली. २०२६ मध्ये तिची शंभरी. कधीकाळी ताफ्यात चार हजारांवर बस होत्या, आता तीन हजारही नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेक कंत्राटदारांच्या. जुलै २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपयांवर आणलं होतं, तेव्हा शेअर टॅक्सीतली माणसं बसकडे वळलेली मी याच थांब्यावर बघितली. मे २०२५ पासून किमान भाडं दहा रुपये झालं. भाडं वाढलं याचं मला तेवढं दुःख नाही. दहा रुपये घ्या, पण बस पाच मिनिटांनी आणा. रांगेतल्या मावशी, ज्या वरळीच्या चार घरांत स्वयंपाक करतात, त्या म्हणाल्या, "बाई, पहिल्या घरी उशीर झाला की चारही घरी बोलणी बसतात." शहरात बस कमी केल्या की बचत कुठे दिसते ते अंदाजपत्रकात वाचता येतं. खर्च या मावशी सोसतात.

सकाळी ८:१५

साईट. हेल्मेट, जाकीट, सेफ्टी शूज. रोजचा टूलबॉक्स टॉक: आज काय काम, कुठे धोका, हार्नेसचा हूक कुठे अडकवायचा. कामगार मालदा, झारखंड, बिहारचे, थोडे नांदेड-परभणीकडचे. सुतार, फिटर, बिगारी. मी हिंदीत बोलते, मुकादम त्याचं बंगालीत करतो.

ही सगळी मंडळी आवाराच्या कडेला पत्र्याच्या लेबर कॅम्पमध्ये राहतात. त्यांना प्रवास शून्य मिनिटं. माझ्या सहाच्या लोकलचं ऐकून एक फिटर एकदा म्हणाला होता, "मॅडम, आप रोज घर तो जाते हो." त्याला मुलगी झाली तेव्हा तो इथे अठराव्या मजल्याचे कॉलम बांधत होता. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, कल्याणकारी मंडळ आहे, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो. पण नोंदणीला वर्षातले नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि साईट बदलत फिरणाऱ्या माणसाला तो कागद मिळवून देणारं कोणी लागतं. आमच्याकडे आम्ही दोघी-तिघी इंजिनिअर जेवणाच्या सुट्टीत ते फॉर्म भरून देतो. ते आमच्या कामाचा भाग नाही, पण असायला हवं.

सकाळी ९:३०

काँक्रीट वर जाण्याआधी सळईची शेवटची तपासणी. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि खारी हवा काँक्रीटच्या आत शिरून सळई गंजवते. सळई आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये काँक्रीटचा जो थर राहतो तो कव्हर. तो धरून ठेवायला खाली छोटे ठोकळे लावतात. पाय पडून एक ठोकळा निसटला की सळई खाली टेकते, आणि वीस वर्षांनी तिथून स्लॅबचा पापुद्रा सुटून कोणाच्या तरी पलंगावर पडतो. म्हणून मी गुडघ्यावर बसून टॉर्च मारत फिरते. आज सात ठोकळे नव्याने लावून घेतले, सही केली, काम चालू.

पहिला मिक्सर नऊ पन्नासला. प्रत्येकात सहा घनमीटर. चलनावर बॅच केल्याची वेळ बघायची, तापमान बघायचं, मग तीनशे मिलिमीटर उंचीच्या शंकूत काँक्रीट भरून शंकू उचलायचा आणि ते किती बसतं ते मोजायचं. हा स्लम्प. मग क्यूब: दीडशे मिलिमीटरचे ठोकळे, तीन सातव्या दिवशी फोडायला, तीन अठ्ठाविसाव्या दिवशी. चाळीसच्या ग्रेडचा असा एक ठोकळा तुटेपर्यंत नव्वद टनांच्या आसपास भार सोसायला हवा. हाताच्या ओंजळीपेक्षा थोडा मोठा ठोकळा, आणि नव्वद टन! इतकी वर्षं झाली तरी मला या आकड्याचं अप्रूप आहे.

सहा मिक्सर नीट गेले. वर पंपाचा पाईप हलतोय, व्हायब्रेटरचा आवाज, मागोमाग लेव्हल करणारे. सातवा आला तो पावणेबारा वाजता. चलन बघितलं, प्लांटवरून निघून तीन तास होत आलेले. ड्रायव्हर बिचारा घामाघूम. गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी, त्यामुळे तो वाटेत थांबून राहिला होता. मग बंदी उठल्यावर सगळेच एकदम निघाले, पूल बंद म्हणून लांबून आला. शंकू उचलला तर काँक्रीट जागचं फारसं हललं नाही. "मॅडम, थोडा पानी डाल दूँ?" त्याने विचारलं.

हा प्रश्न या शहरातल्या प्रत्येक साईटवर विचारला जातो, आणि कुठे कुठे त्याला हो म्हटलं जातं याची मला भीती वाटते. पाणी घातलं की काँक्रीट पुन्हा पातळ होतं, पंपातून सहज जातं, दिसायलाही चांगलं दिसतं. फक्त त्याची ताकद गेलेली असते, आणि ते कळायला अठ्ठावीस दिवस लागतात. तोपर्यंत त्यावर आणखी तीन मजले चढलेले असतात. मी मिक्सर परत पाठवला. प्लांटवरून फोन आला, मग आमच्याच ऑफिसमधून आला: सहा घनमीटर वाया, आठवा मिक्सर कुठे आहे ठाऊक नाही, मध्ये खंड पडला तर सांधा राहील. सगळं खरं होतं. मी सांगितलं, खंड कुठे द्यायचा तो आपण ठरवू, तिथे नीट सांधा करू, पण हे काँक्रीट वर जाणार नाही. आठवा चाळीस मिनिटांनी आला आणि काम सुटलं नाही.

लोकांना वाटतं, वाहतूक म्हणजे ऑफिसला पोचणं. इथे बघितलं की कळतं, शहरातली भिंतसुद्धा रस्त्यावर अवलंबून असते. रस्त्यात एकटी माणसं घेऊन चाललेल्या मोटारींच्या मागे हा मिक्सर उभा होता. त्या मोटारींतली निम्मी माणसं जरी बसमध्ये असती तरी माझा सातवा मिक्सर वेळेत पोचला असता.

दुपारी १:३०

डबा उघडला तेवढ्यात गेटवरून फोन: आजोबा आलेत.

हे आजोबा इथल्या जुन्या चाळीतले. चाळ रिकामी केल्यापासून कळव्याला भाड्याने राहतात आणि अधूनमधून येऊन गेटपाशी उभे राहून वर बघतात. आत सोडता येत नाही, म्हणून मीच डबा घेऊन बाहेर गेले.

"पोरी, आमचा मजला कितवा म्हणालीस?"

"तो सोडतीत ठरणार, आजोबा. अजून वेळ आहे."

"शेजारी बीडीडीवाल्यांना मिळाल्या चाव्या."

मिळाल्या, खरं आहे. बीडीडी चाळी म्हणजे १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या २०७ इमारती, त्यांतल्या १२१ वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येकी ऐंशी खोल्या, एक खोली १६० चौरस फूट, संडास सामायिक. एप्रिल २०१७ मध्ये पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं आणि १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचं घर, मालकीचं. मी त्या संध्याकाळी तिथून चालत गेले होते. एक बाई नव्या घराच्या दारावर हळद-कुंकवाची बोटं उमटवत होत्या. ज्यांना वाटतं की उंच इमारती म्हणजे चाळीचा नाश, त्यांनी रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे जाणाऱ्या एखाद्या आजीला विचारावं. मी ही घरं बांधते याचा मला अभिमान आहे.

पण आजोबांचा पुढचा प्रश्न होता, "मेंटेनन्स किती येईल?" आणि त्याचं सरळ उत्तर माझ्याकडे नव्हतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. शेकड्यांतल्या भाड्यात राहण्याची सवय पिढ्यांची आहे, आणि मालकांनी त्या भाड्यात दुरुस्ती केली नाही म्हणूनच या चाळी इतक्या खचल्या. आता लिफ्ट, पंप, अग्निशमनाची यंत्रणा, जनरेटर. चाळीस मजली इमारतीत लिफ्ट बंद म्हणजे घर बंद. देखभालीसाठी कॉर्पस, म्हणजे राखीव निधी, ठेवतात, तो किती आणि किती वर्षं पुरेल, हे चावी हातात पडण्याआधी कागदावर हवं. नाहीतर घर फुकट मिळतं आणि दहा वर्षांनी मेंटेनन्स झेपत नाही म्हणून विकावं लागतं. मग आजोबांचा नातूही माझ्याच सहाच्या लोकलमध्ये येईल.

बोलता बोलता त्यांनी शेजारच्या विक्रीच्या इमारतीकडे बोट दाखवलं. "ते खालचे सात मजले भिंतीविनाच कसे?"

"पार्किंग आहे."

मोठ्या मोटारीची जागा अडीच मीटर बाय साडेपाच मीटर धरतात. चौरस फुटांत १४८. आजोबांच्या ज्या खोलीत सहा माणसं वाढली, तिच्याएवढीच. त्यात गाडी वळवायची जागा आणि रॅम्प धरले की खोलीहून कितीतरी जास्त. तेवढंच सिमेंट, तेवढीच सळई, आणि सही माझीच. हा पार्किंगचा नियम बिल्डरने केलेला नाही, तो विकास नियमावलीत आहे. खालून भुयारी मेट्रो जाते, दहा मिनिटांवर स्टेशन आहे, आणि तरीही आपण शहराच्या सगळ्यात महाग जमिनीवर मोटारींसाठी मजले चढवतो. मेट्रोच्या स्टेशनजवळ पार्किंगची सक्ती कमी करा आणि त्या मजल्यांत परवडणारी भाड्याची घरं बांधा. रोज वरळीत येऊन काम करणाऱ्या मावशींना, वॉर्डबॉयला, बसच्या ड्रायव्हरला. मी हे प्रत्येक बैठकीत बोलते आणि बोलत राहणार.

दुपारी ३:३०

शेवटचा मिक्सर रिकामा झाला. वर पाणी मारायची सोय, ज्युनिअरकडे कागद, आणि मी निघाले. जुन्या क्यूबचे अठ्ठावीस दिवस भरलेत, ते अंधेरी एमआयडीसीतल्या बाहेरच्या प्रयोगशाळेत माझ्यासमोर फुटायचे आहेत.

आचार्य अत्रे चौकातून खाली उतरले. तेहेतीस किलोमीटरांची ही भुयारी मार्गिका, सत्तावीस स्टेशनं, पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा शेवटचा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. खर्च ३७ हजार कोटींच्या वर. पूर्वी ही फेरी म्हणजे टॅक्सीत दीड तास आणि उरलेला दिवस गेला. आता क्यूबच्या फाईली मांडीवर घेऊन बसले आणि पाऊण तासाच्या आत पोचले. सिव्हिल इंजिनिअर म्हणून या बोगद्यातून जाताना माझं मन भरून येतं. वर दाट वस्ती, जुन्या इमारतींचे पाये, भरतीचं पाणी, आणि खालून हा सरळ रस्ता काढणारे लोक.

मेट्रोचा डबा मात्र अर्धा रिकामा होता. कारण स्टेशनबाहेर पडल्यावर पुढे काय, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी रिक्षा नाहीतर पाय असं आहे. मेट्रोच्या प्रत्येक दारात दर पाच मिनिटांनी बेस्टची लहान बस उभी राहिली तर हा डबा भरेल. एका मेट्रो मार्गिकेच्या खर्चासमोर त्या बसचा खर्च किरकोळ आहे. पण बसचं उद्घाटन मोठं होत नाही.

क्यूब फुटले. तिन्ही नव्वद टनांच्या पुढे गेले.

संध्याकाळी ५:४५

परत दादरला जायचं नाही. एका स्टेशनवर मरोळ नाका, तिथून जिने चढून २०१४ पासून धावणारी पहिली मेट्रो, आणि घाटकोपर. मरोळ नाका म्हणजे दोन मेट्रो जिथे खरोखर एकमेकींना भेटतात अशी जागा, आणि इथे गर्दी ओसंडून वाहते. जोडणी नीट केली की माणसं येतात, याला आणखी कुठला पुरावा लागतो?

मग घाटकोपर. मेट्रोतून दर काही मिनिटांना शेकडो माणसं मध्य रेल्वेच्या फलाटावर येतात, आणि फलाटावर येणारी गाडी बारा डब्यांची, सीएसएमटीपासून भरलेली. बदलापूर फास्टच्या लेडीज डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली सोडली. दुसरीत दोघींनी हात देऊन वर घेतलं. मेट्रोने वाचवलेला वेळ मी या फलाटावर परत दिला. नव्या मार्गिका हव्यातच, पण ज्या जुन्या गाडीत त्यांची माणसं शेवटी चढतात तिचे डबे बाराचे पंधरा केल्याशिवाय, फलाट लांबवल्याशिवाय, हे गणित सुटणार नाही. डोंबिवली गेल्यावर मोकळा श्वास, अंबरनाथला बसायला जागा.

रात्री ९:१५

जेवताना भाचीचा फोन. लग्न वसंतात आहे, दोघं घर बघतायत. तिची नोकरी बीकेसीत, त्याची ठाण्यात.

"मावशी, वांगणीला बघितलं. बदलापूरहून पंधरा लाखांनी स्वस्त पडतंय. बिल्डरची गाडी रविवारी स्टेशनवर घ्यायला येते, परत सोडते. हवा किती छान आहे तिथली! तू इंजिनिअर आहेस, सांग ना काय बघायचं?"

पंधरा लाख थोडे नाहीत, आणि पंचविशीतल्या दोन पगारांना मुंबईत घर मिळत नाही यात तिचा काही दोष नाही. माझ्या सासूबाईंनीही हेच केलं होतं, एक स्टेशन अलीकडे. मी तिला महारेराचा नोंदणी क्रमांक तपासायला सांगितलं. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली, त्याच बिल्डरची आधीची इमारत बघ, तिथल्या बायकांना पाण्याचं विचार, मे महिन्यात टँकर किती येतात ते विचार. कॉलमचे कोपरे बघ, सळई उघडी दिसते का.

"आणि रविवारी जाऊ नकोस," मी म्हटलं. "बिल्डरच्या गाडीनेही नको. टोकन देण्याआधी सोमवारी पहाटे वांगणीच्या फलाटावर उभी राहा, मिळेल त्या गाडीत चढ आणि बीकेसीत तुझ्या टेबलापर्यंत जा. संध्याकाळी तशीच परत ये. किती वेळ लागला तो लिही, दोघांचाही. मग पंधरा लाखांच्या शेजारी तो आकडा मांडून बसू."

"सोमवारी रजा टाकावी लागेल ना?"

"रजा कशाला? ऑफिसलाच जायचंय. रविवारी रात्री माझ्याकडे झोपायला ये, पहाटेच्या पहिल्या गाडीने वांगणीला जाऊ आणि तिथून परत फिरू. मी येते बरोबर."